माळढोकाच्या भेटीला गेलेला राजा

बाळांनो, आणि बाळांच्या आजी-आजोबांनो, ही गोष्ट फार जुन्या काळची. एका कोरड्या मुलखात एक राजा राज्य करत होता. राज्याच्या पूर्वेला दिवसभर चालले तरी संपणार नाही असा गवताळ माळ होता. तिथे माळढोक नावाचे उंच, भारदस्त पक्षी राहत.

तरुणपणी राजाने त्यांची भरपूर शिकार केली. सरदारांनीही केली. मग एके वर्षी सगळे शिकारी रिकाम्या हातांनी परतले. शोध घेतला, तेव्हा माळावर जेमतेम अकरा माळढोक उरल्याचे कळले. राजाने शिकार बंद केली आणि माळाच्या राखणीला ठकाबाई नावाची धनगरीण नेमली. तिचे आयुष्य त्याच माळावर मेंढ्यांमागे गेले होते. राजाने तिला एकच हुकूम दिला, "पाखरांना त्रास देईल अशा कुणालाही पुढे जाऊ देऊ नकोस."

बारा वर्षे गेली. राजा म्हातारा झाला, त्याची नजर मंदावली. राजवैद्य म्हणाले, "महाराज, येत्या हिवाळ्यापर्यंत दिसेल. पुढे फक्त उजेड आणि अंधार कळेल."

राजा म्हणाला, "मला एकदा माळढोक जवळून पाहायचा आहे. आजवर मी तो फक्त बाणाच्या नेमात पाहिला."

दुसऱ्या दिवशी लवाजमा निघाला. पालखी, घोडे, शंभर शिपाई आणि पुढे ताशा. माळावर पोहोचले, तर गवताखेरीज काही नाही. लांब क्षितिजाशी चार-पाच ठिपके उडताना दिसले, आणि राजाला तर तेही दिसले नाहीत.

सेनापती म्हणाले, "महाराज, शिपाई गोल करून हाकारा घालतील. पाखरं आपोआप पालखीसमोर येतील."

शिपाई निघाले, तशी ठकाबाई हातातली काठी आडवी धरून वाटेत उभी राहिली.

"पुढं जाता येणार न्हाई," ती म्हणाली. "तिकडं मादी अंड्यावर बसलीय. वर्साला एकच अंडं घालती ती. आज उठवली तर अंडं खोकडाच्या तोंडी जाईल."

"राजाला अडवणारी तू कोण?" सेनापतींनी विचारले.

"मला राजानंच नेमलंय. कुणालाबी सोडू नगंस, असं म्हाराज म्हणाले होते. त्यात म्हाराज येत्यात का न्हाई, ते त्यांनीच सांगावं."

सगळे राजाकडे पाहू लागले. ठकाबाईची काठी हलली नाही.

राजा पालखीतून उतरला. "येतात," तो म्हणाला. "सेनापती, सगळ्यांना घेऊन परत जा." मग तिच्याकडे वळून त्याने विचारले, "बाई, आता मी काय करू?"

"घोंगडं पांघरा आन् माझ्या मेंढरांत बसा. पाखरं मेंढरांना भीत न्हाईत. पर बोलायचं न्हाई, उठायचं न्हाई."

मादीची बाजू सोडून ठकाबाईने मेंढरे चारायला लावली. पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी राजाची कंबर धरली, पाय बधिर झाले. तो हलला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गवतातून घुमारा आला, रिकाम्या रांजणात कुणी हुंकार द्यावा तसा. मेंढ्या चरतच राहिल्या. त्यांच्यामधून एक नर माळढोक चालत आला आणि राजापासून दहा पावलांवर थांबला. पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, पिवळसर पाय. त्याने गळ्याची पिशवी फुगवली, शेपटी उभारली आणि पुन्हा घुमला. राजाला पापणी लववायचीही भीती वाटली.

पक्षी डौलात निघून गेला. राजाने घोंगडीने डोळे पुसले.

"असे मी किती मारले, बाई," तो म्हणाला.

"लई," ठकाबाई म्हणाली. "पर ह्यो ऱ्हायला, त्योबी तुमच्याच हुकमानं."

त्या वर्षी अंड्यातून पिल्लू निघाले आणि आईमागे टोळ टिपत हिंडले. राजाने दवंडी पिटवली : माळढोक पाहायला कुणीही यावे, पण पायी यावे आणि ठकाबाई सांगेल तिथे, सांगेल तितका वेळ बसावे. पहिले येऊन बसले ते सेनापती. त्यांना पाच दिवस लागले. मग गावोगावचे लोक येऊ लागले, आणि बसायला शिकले. काही वर्षांत माळावर साठ माळढोक झाले, आणि मुलखातल्या पोराटोरांना त्यांचा घुमारा ओळखता येऊ लागला.

तात्पर्य : ज्या जिवाला जवळून पाहायचे असेल, त्याची वाट आधी मोकळी सोडावी.