सरजेचा पाळणा

येळूगावात नदीकाठी श्रीरामाचं जुनं देऊळ आहे. एका चैत्रात निर्मळनाथ महाराज तिथे मुक्कामाला होते. रामनवमीला दुपारी जन्म झाला की लेकुरवाळ्या बायकांनी आळीपाळीनं पाळणा गायचा, ही तिथली रीत.

सरजा कोष्टीण आता लेकुरवाळी उरली नव्हती. तिचा मुलगा मागच्या पावसाळ्यात तापानं गेला. मागावर बसल्या बसल्या त्याच्यासाठी जुळवलेला पाळणा मात्र तिच्यापाशी राहिला. त्यातले निम्मे शब्द मायलेकांनी घडवलेले. ते बोलायला घरात कुणी नव्हतं. देवानं तरी ऐकावेत, नाहीतर आपल्याबरोबरच ही बोली संपायची, म्हणून ती रांगेत उभी राहिली.

"मुमुळ्या, झिलझिल आली रे..." तिनं एवढंच म्हटलं, तोच देवळात पूजा सांगणाऱ्या त्र्यंबकशास्त्र्यांनी पाळण्याची दोरी तिच्या हातून काढून घेतली.

"हे कुठल्या कोशातलं गं?"

"घरातलंय, बुवा."

"मग घरी गा. ज्याला सहस्र नामं, त्याला मुमुळ्या म्हणतेस?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सरजा मागे सरली.

शास्त्रीबुवांनी दोरी ओढली. आत बोटभर पितळी मूर्ती, पाळणा हलका. पण तो हलला नाही. दोन गड्यांनी हात लावला. कड्या करकरल्या, पाळणा जागचा हलेना.

खांबाला टेकून बसलेले महाराज म्हणाले, "सरजे, चाललीस कुठं? लेकरू रुसलंय."

"माझं बोलणं देवाला कळायचं नाही, महाराज."

"आईचं बोलणं लेकराला कळत नाही होय? म्हण."

सरजेनं डोळे मिटले आणि गाऊ लागली. दोरी कुणाच्याच हातात नव्हती. वाराही नव्हता, समईची ज्योत सरळ उभी होती. आणि पाळणा तिच्या लयीत झुलू लागला! कडवं संपलं, तेव्हा आतून पेंगुळलेला बालस्वर आला, "टुबू."

डोळ्यांवर झोप आली की सरजेचा लेक हेच म्हणायचा. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"महाराज, याचा अर्थ?" शास्त्रीबुवांनी हात जोडून विचारलं.

"तो मायलेकरांचा. आपल्या कानांवर पडलं, एवढीच आपली पुण्याई."

पागोटं उतरवून शास्त्रीबुवांनी सरजेच्या पायांवर मस्तक ठेवलं.