पुढची चाकं

"…आणि लिंबूही लावून पाहिलं. आता आणखी काय लावायचं राहिलं, माई?"

रघुवीर सबनीस गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात दात घासायचा जुना ब्रश.

मठ सांभाळणाऱ्या माई पायरीवर बसून गवारीच्या शेंगा मोडत होत्या. लहानसा मठ, घाटाच्या अगदी पायथ्याशी. गावात पाण्याची ओरड होती, म्हणून सबनीस रोज दुपारी गाडी इथं मठामागच्या ओढ्यावर आणत.

"लिंबू लावलंस, तर मीठ-मोहरीही लावायची होतीस," माई म्हणाल्या. "लोणचं तरी झालं असतं."

सबनीस हसले नाहीत.

"हा साधा मळ नव्हे, माई." वर्गात बोलावं तसं ते बोलू लागले. "ब्रेक दाबला की लोखंडाची बारीक पूड उडते. तापलेली असते. चाकावर जाऊन बसते, दवानं गंजते, आणि मग जागा सोडत नाही. मागच्या चाकांवर कमी. पुढच्यांवर फार."

"मला कशाला सांगतोस? मला कुठं गाडी आहे?"

"तुम्ही विचारलंत…"

"मी नाही विचारलं."

ब्रश पुन्हा चाकाच्या आऱ्यांमधून फिरू लागला. दुकानातून आणलेलं औषध डागांवर जांभळं होत ओघळत होतं.

"कुणासाठी चाललंय हे?"

माईंना ठाऊक होतं. घाटाखाली सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"ऋजुतासाठी. माझी सून. घाटापलीकडे साताऱ्याला नोकरी लागली आहे तिला. गाडी तीच नेणार. माझ्या अमोघची गाडी, म्हणजे तिचीच." ते थांबले. "अमोघ गेल्यापासून अंगणात नुसती उभी होती. अशी कशी द्यायची तिच्या हातात? चाकं स्वच्छ झाली की निघेल ती."

"ती म्हणाली, चाकं धुऊन द्या?"

"नाही. ती म्हणते, बाबा, राहू द्या."

"मग?"

"मग काही नाही. सामान बांधून बसली आहे. संध्याकाळी खोक्यातून कुकर बाहेर काढते, आम्हा दोघांचा भात लावते. घासून, पुसून पुन्हा खोक्यात ठेवते."

माईंनी आणखी एक शेंग मोडली.

"तिकडे हजर कधी व्हायचं?"

"…सोमवारी व्हायचं होतं."

"आणि आज?"

"गुरुवार." त्यांनी चिंधी पिळली. गरजेपेक्षा जास्त वेळ पिळत राहिले. "काल त्यांचा फोन आला होता. या आठवड्यात आली नाहीस, तर दुसऱ्या कुणाला घेऊ म्हणाले."

"ती काय बोलली?"

"माझ्याकडे पाहिलं तिनं. बोलली काहीच नाही… पण हे डागच चिवट आहेत, माई. इथं धुतो तेव्हा लख्ख होतात. सकाळी पाहावं, तर पुन्हा काळे. आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलं. एवढं साधं मला जमू नये?"

माईंनी सूप बाजूला सरकवलं.

"काल इथून निघालास, तेव्हा डावीकडे वळलास. गाव उजवीकडे आहे."

सबनीसांनी मान वर केली नाही.

"परवाही डावीकडेच."

"खिंडीतल्या देवाला जातो," ते म्हणाले. "नारळ ठेवायला. एवढा मोठा घाट, आणि पोर एकटी गाडी नेणार. नारळ ठेवल्याशिवाय आपल्याकडे कुणी घाट ओलांडत नाही, माई."

"ओलांडणाऱ्यानं ठेवायचा असतो."

"…हो."

"आणि निघायच्या वेळी. रोज नव्हे. देवही कंटाळला असेल खोबरं खाऊन."

सबनीस चाक घासत राहिले.

"नारळ ठेवतोस. मग घाट उतरून घरी येतोस."

"आता उतरून तर यायलाच…"

ते मध्येच थांबले. हातातल्या ब्रशकडे पाहिलं. मग चाकाकडे.

वरच्या वळणावरून एक ट्रक कण्हत उतरत होता. त्याच्या तापल्या ब्रेकचा करपट वास खालपर्यंत आला. तो मठापुढून निघून गेला.

"मास्तर."

"अं?"

"ही पूड चढताना बसते का रे?"

"नाही." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "चढताना ब्रेक कुठं लागतो? उतरताना बसते."

"म्हणजे घाट चढून जाणाऱ्याच्या चाकांवर नाही."

"फारशी नाही."

"हं."

सबनीसांनी ब्रश ओढ्यात खळबळून घेतला. औषधाच्या बाटलीचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही. काढून पुन्हा लावलं.

"उद्या सकाळी नीघ म्हणतो तिला," ते म्हणाले.

माईंनी पदराला हात पुसले.

"म्हणजे… उद्या संध्याकाळी घरात मी एकटाच."

"हो."

"कुकर तीच नेणार आहे. मी म्हटलं ने. मला एकट्याला पातेलं पुरेल."

"पुरेल."

आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून ते थांबले. मिळालं नाही. मग उठले. गुडघे धरून, हळूहळू.

"अंगारा द्या, माई. ती निघेल तेव्हा कपाळाला लावीन तिच्या. तेवढं तरी माझ्या हातून होऊ दे."

माई पायरीवरून उतरल्या. गाभाऱ्याकडे गेल्या नाहीत. गाडीपाशी आल्या, पुढच्या चाकाशी वाकल्या आणि ब्रश पोचला नव्हता तिथं, आतल्या कडेवरून, बोट फिरवलं.

काळंभोर बोट त्यांनी सबनीसांच्या कपाळावर टेकवलं.

सबनीस डोळे मिटून तसेच उभे राहिले. बराच वेळ.

"हा मला झाला, माई," शेवटी ते म्हणाले. "तिचा?"

माई सूप उचलायला वळल्या होत्या.

"तिचा ती घाट उतरून येताना घेऊन येईल."