मागच्या बाकावरून

"आवाज गेला म्हणतोस... कुठं गेला?"

"गेला म्हणजे गेला, वस्ताद. सकाळपासनं एकदाबी आला न्हाई."

बाबालाल वस्तादांनी जीपच्या बॉनेटवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. घाटाच्या पायथ्याशी त्यांचं गॅरेज. जोतिराम त्यांचा सगळ्यात हुशार शागीर्द, आणि हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

जीप धुळू झोऱ्याची, जुनीपुराणी. गिअर टाकून क्लच सोडला की थंडीताप भरल्यासारखी थरथरायची, आणि खालून कुठूनतरी ठक्क व्हायचं. जोतिरामनं क्लचप्लेट बदलली. थरथर थांबली, ठक्कही ऐकू येईना. मग त्यानं पुढे शोधलं नाही.

वर धनगरवाड्यावर धुळूची लेक सगुणा दिवस भरून बसली होती. आजच खाली दवाखान्यात न्या, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. वाड्यावर दुसरी गाडी नाही. धुळूचा सारखा फोन येत होता. जीप वर न्यायची आणि सगुणाला घेऊन घाट उतरायचा, हे काम जोतिरामचं.

"आवाज कशाचा होता?"

"क्लचचाच असंल."

"असंल?"

जोतिरामनं हात पुसायला चिंधी उचलली.

"सगुणाला घिऊन उतरताना भ्या वाटंल का रे?"

"भ्या? मला?" जोतिराम हसला. "डोळं झाकून उतरवतो, वस्ताद."

वस्तादांनी त्याच्या हातातून चावी काढून घेतली.

"मागं बस."

त्या गॅरेजची ही रीत होती. ज्यानं गाडी दुरुस्त केली, त्यानं ट्रायलला स्टिअरिंग धरायचं नाही. मागच्या बाकावर बसायचं. ही रीत शिकाऊ पोरांसाठी आहे, असं जोतिरामनं आपलं आपणच ठरवून टाकलं होतं, आणि सकाळी दोनदा तो स्वतःच जीप घाटात चालवून आला होता. तोंड वाकडं करून तो मागे बसला.

वस्तादांनी जीप चढावर घातली. वरच्या वळणावर त्यांनी गाडी फिरवली, दुसरा गिअर टाकला आणि उताराला लागले.

डावीकडे दरी. कठडा मध्येच ढासळलेला. गाडी शिकल्यापासून जोतिराम या रस्त्यानं आला-गेला होता, पण हातात स्टिअरिंग नसताना कधीच नाही. दरी एवढी जवळ असते हे त्याला पहिल्यांदाच कळलं. त्यानं बाकाची कड घट्ट धरली.

पुढे उतार एकदम तीव्र झाला. वस्तादांचा पाय अॅक्सिलरेटरवरून उठू लागला.

"वस्ताद, पाय उचलू नगा!"

वस्तादांनी पाय उचलला.

ठक्क!

जोतिरामच्या तळपायाखालचा पत्रा हादरला. वस्तादांनी गाडी हळूच कडेला घेतली आणि थांबवली. आरशातून त्यांनी जोतिरामकडे बघितलं.

"तुला कसं कळलं... पाय उचलला की वाजणार म्हणून?"

सकाळपासून जोतिराम या उतारावर पाय पूर्ण उचलतच नव्हता. क्लचही अलगद, लाड करत सोडत होता. कुणी शिकवलं नव्हतं. पायानंच ते धरलं होतं, आणि त्यानं पायाला 'का' म्हणून विचारलं नव्हतं.

विनवण्या करत आणावी तशी वस्तादांनी गाडी हळूहळू गॅरेजात आणली. जोतिराम खाली शिरला. गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा त्यानं सोडवला. त्याच्या सांध्यातला लोखंडी क्रॉस काढला, तर आतल्या बेअरिंगच्या बारीक सुयांची गंजून लाल भुकटी झालेली. ती त्याच्या तोंडावर पडली. हा सांधा घाटात सुटला असता तर दांडा रस्त्यात रुतून गाडी दरीत उलटली असती. सगुणा मागच्या बाकावर बसली असती, अगदी तो बसला होता त्याच जागेवर.

तो तसाच पडून राहिला.

नवा क्रॉस बसवला. पुन्हा ट्रायल. या वेळी तो न सांगता मागे बसला. त्याच उतारावर वस्तादांनी पाय उचलला, दाबला, परत उचलला.

काहीच वाजलं नाही. तरी गॅरेज येईपर्यंत जोतिरामनं बाकाची कड सोडली नाही.

फोन वाजला. धुळूचा आवाज रडवेला झाला होता. "कळा सुरू झाल्यात रं. निघालास न्हवं?"

"निघतोय, मामा."

तो खाली उतरून चाकाशी उभा राहिला. वाकून त्यानं खालचा सांधा पुन्हा एकदा हातानं हलवून बघितला.

"वाजत न्हाई आता, वस्ताद. सगळं तपासलंय." तो थांबला. "पर... अजून भ्या वाटतंय."

वस्तादांनी चावी त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं आपल्या हातानं मिटली.

"मग आता तू चालव."