करंगळीवरची शाई

टेकडीवरच्या वस्तीतली अंगणवाडी बंद करायला साहेब मंगळवारी आले. त्यांच्या कागदावर पाच वर्षांखालची मुलं होती अवघी नऊ.

"नऊ पोरांसाठी अंगणवाडी कशाला?"

सेविका शेवंताताईंनी वस्तीतल्या बायांनी दारोदार फिरून केलेली यादी पुढे केली. त्रेसष्ट नावं, प्रत्येकापुढे वजन.

साहेब हसले. "ताई, ही घरगुती यादी. सरकारी खूण दाखवा!"

शेवंताताईंना तेवढंच हवं होतं. दारात जाऊन त्यांनी हाक दिली, "बायांनो, आणा गं पोरं! डावी करंगळी वर!"

कडेवरच्या तान्ह्यांसकट गल्ली भरली. प्रत्येक करंगळीवर जांभळी शाई.

"यादी आमची, साहेब. पण रविवारी पोलिओचा डोस पाजून ही शाई सरकारनंच लावलीय. मोजा."

चाळिसापर्यंत मोजून साहेबांनी आपला कागद खिशात घातला.