अंगठ्याएवढी कोरडी जागा

“मग डिंक कमी पडला का, मास्तर?”

रेवणच्या हातात ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या होत्या. त्याने मोठ्या हौसेने चिकटवलेल्या. सकाळपर्यंत दोघींनी काडीमोड घेतला होता.

त्रिंबकमास्तरांच्या शेडमध्ये ग्लायडर बनत. तिथली रीत अशी, की शिष्याने जोडलेल्या पट्टीला झोपाळा टांगायचा आणि त्यावर मास्तरांनी स्वतः बसायचं. जोड टिकला, तरच शिष्याने पंखाला हात लावायचा.

रेवणचा आधीचा जोड झोपाळ्यावरच सुटला होता. मास्तरांची कंबर अजून शेकावी लागत होती. आता एकच संधी. नाहीतर घरी.

“डिंक जास्त झाला,” मास्तर म्हणाले.

“जास्त होऊन तुटला?”

“जास्त होता म्हणून तुटला. दोघींच्या मध्ये तिसरी इतकी जाडजूड कशाला?”

रेवणने नव्या पट्ट्या घेतल्या. पॉलिशपेपरने घासून त्यांची चकाकी घालवली, स्पिरिटने पुसल्या.

“आता बोला!” म्हणत त्याने पट्टीवर शाबासकीचा अंगठा फिरवला.

मास्तरांनी तांब्या उचलून पट्टीवर पाण्याची धार धरली.

पाणी सपाट पसरलं... आणि एका जागी फाटलं. अंगठ्याएवढी जागा कोरडीच राहिली.

“डोक्याला तेल कुठलं लावतोस?”

“खोबरेल... आईनं दिलंय.”

“चांगलं आहे. डोक्यासाठी.”

रेवणचे कान लाल झाले. त्याने पट्ट्या पुन्हा घासल्या, पुन्हा पुसल्या. या वेळी फक्त कडांना धरून. पाणी अखंड पसरलं. पट्ट्या वाळल्यावर डिंकाचा पातळ हात, वर घट्ट दाबून धरणारा शिकंजा, आणि मग पत्र्याखालच्या उबेत नुसती वाट बघणं. ते त्याला सगळ्यात जड गेलं.

“झोपाळा सरळ टांग,” मास्तर म्हणाले. “जोडाला ओढलेलं सोसतं, एका कडेने सोललेलं सोसत नाही.”

मास्तर बसले.

करकर... सगळ्या शेडचे डोळे जोडावर. जोड टिकला.

“जनाक्का, तुम्हीपण या!” मास्तरांनी हाक मारली.

“पडले तर भाकऱ्या तुम्ही थापणार का?” म्हणत स्वयंपाकीणबाई शेजारी टेकल्या. झोपाळा निम्मा त्यांनीच भरला.

वरचा लोखंडी हूक वाकू लागला. जनाक्का ओरडत उतरल्या. जोड मात्र होता तसाच!

शेडमध्ये एकच जल्लोष. कुणीतरी रेवणला खांद्यावर घेतलं. तिथूनच तो ओरडला, “मास्तर, एवढा जोर कुणाचा? धातूचा की डिंकाचा?”

मास्तरांनी पायाने हलका झोका घेतला.

“दोघांच्या मध्ये जे नव्हतं, त्याचा.”