बेदाण्याची खोकी

सांगा मंडळी, भरवसा कुणावर ठेवावा, बोलणाऱ्यावर की भार झेलणाऱ्यावर?

मी तासगावचा महालिंग शेटे, पुठ्ठ्याची खोकी बनवतो. बेदाण्यासाठी मी एकावर एक घट्ट बसणारं खोकं तयार केलं होतं, वापरून झालं की रद्दीत जाऊन त्याचा पुन्हा पुठ्ठा व्हावा असं. पुण्यातल्या मोठ्या दुकानांचे खरेदीसाहेब पाटणकर ते बघायला माझ्या घरी आले. ते नाही म्हणाले असते, तर कारखान्याला कुलूपच लागणार होतं.

साहेब अंगानं भरदार. गोधडी अंथरलेली ऐसपैस बैठक दिसली, तिच्यावर आपणहून बसले. चहा झाला, भजी झाली, मग तासभर उपदेश झाला.

"शेटे, प्लॅस्टिकचे क्रेट करा. ही तर रद्दी! वर दोन थर चढले की खालचं खोकं सपाट. वजन पेलणं हे कागदाचं काम नव्हे हो."

मी म्हणालो, "साहेब, माझी बायको इंदू गेल्यापासून मी एकटाच असतो. दुसरी खुर्ची लागतच नाही. घरात एकच आहे, आणि तिच्यावर मी बसलोय."

साहेबांनी खाली पाहिलं, हळूच गोधडी उचलली. एकावर एक रचलेली रिकामी खोकी होती, एकाचाही कोपरा दबला नव्हता. "भलतेच बनेल आहात!" म्हणून ते हसले आणि ऑर्डर देऊन गेले.

ती बैठक मी अजून मोडलेली नाही. संध्याकाळी तिच्यासमोर बसून चहा घेतो. ही गोष्ट पुढे सांगाल तेव्हा हिशेब मात्र खरा मांडा. खोकी हजारोंनी गेली, पण बसायला परत कुणी आलं नाही.