भिंतीवरचे महाराज

एका राज्यात मुजरा राजाला नव्हे, राजाच्या चित्राला करायचा रिवाज होता. माणूस चिडतो, खोकतो, भरसभेत जांभया देतो. चित्र तसले काही करत नाही, म्हणून शहाण्यांनी ही सोय केली होती. सुकेतू राजा गादीवर बसायचा होता, तेव्हा मायाविद्या जाणणारा चित्रकार बोलावला गेला.

"महाराज, आहात तसे रंगवू, की असावेत तसे?"

सुकेतूने आपल्या सुटलेल्या पोटाकडे पाहिले. "असावा तसा."

चित्र झकास उतरले. हातात उपसलेली तलवार, पायाखाली वाघ, डोळ्यांत अंगार. ते सभेत लागले आणि राजाला कोणी ओळखेना.

"महाराज भिंतीवर आहेत. तू कोण?" द्वारपालाने विचारले.

थट्टा असेल म्हणून राजा हसला. पण त्याची लाडकी लेक इरावती त्याला पाहून दाईच्या पदराआड लपली आणि चित्राला बाबा म्हणाली. आपण वेडे झालो की सारा दरबार, हे त्याला कळेना.

तोच झरोक्यातली साळुंकी बोलली, "चित्रात तीन लबाड्या आहेत. सूर्य मावळायच्या आत पुसून काढ. नाहीतर लेक कायमची त्या चित्राची." आणि तिने आपले एक पीस खाली टाकले.

राजाने पिसाने तलवार पुसली. ती त्याने कधी उपसलीच नव्हती.

"तुला कुठेतरी पाहिलंय," द्वारपाल पुटपुटला.

वाघ पुसला; तो काकांनी मारला होता.

"आपण महाराजांचे नातलग का?" प्रधानाने विचारले.

तिसरी लबाडी मात्र सापडेना. मिशा? त्या त्याच्याच. मुकुट? तोही खरा. पोट? ते शेल्याआड झाकलेले. तो चित्राजवळ जाई, मागे येई, पुन्हा जाई.

"सांग ना, बाई!"

"मी पाखरू. मला माणसातले काय कळते?" साळुंकी म्हणाली.

ऊन छताला टेकले. राजाला दरदरून घाम फुटला.

"दाई, हा माणूस केवढा घाबरलाय! बाबा तर कध्धी घाबरत नाहीत," इरावती चित्राकडे बोट दाखवून म्हणाली.

राजा थबकला. भित्र्या राजाला कोण मान देईल? पण लेक गमावून मान घेऊन करायचे काय? त्याने डोळ्यांतला अंगार पुसला. रंगाखालून दोन भेदरलेले डोळे उघडले आणि साऱ्या सभेकडे पाहू लागले.

चित्राची माया उतरली. मुजरा भिंतीला करावा की माणसाला, या घोळात दरबारी दोन्हीकडे वाकू लागले. इरावती धावत आली.

"बाबा, तुम्हाला भीती वाटते?"

"वाटते गं. फार वाटते."

"मग मी जवळ बसते," ती म्हणाली. राज्याभिषेक झाला तेव्हा सिंहासनावर दोघे बसले होते.